राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना आणि तुमचा गट नंबर: हक्कदाव्याची कामं कोणत्या क्रमाने करायची

गावात बातमी येते ती "आपलं गाव पार्कमध्ये गेलं" अशी. मग दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण सगळं संपलं असं समजून मिळेल त्या भावात शेत विकायला निघतात. बाकीचे "सातबारा माझ्या नावावर आहे, कोण काय करतो बघू" म्हणत स्वस्थ बसतात. दोघंही नुकसानीत जातात, कारण एक साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसते. राष्ट्रीय उद्यान एका कागदाने होत नाही, दोन अधिसूचनांनी होतं. आणि हक्कांचा सगळा निकाल त्या दोन कागदांच्या मधल्या काळात लागतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 35(1) खाली राज्य सरकार आधी फक्त इरादा जाहीर करतं. त्यानंतर उद्घोषणा, दावे, चौकशी, आदेश आणि मोबदला अशा पायऱ्या येतात. दाव्यांची मुदत संपली, आलेले दावे निकालात निघाले आणि जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे आले, की मगच कलम 35(4) खाली अंतिम अधिसूचना निघते. खालचे टप्पे या मधल्या काळासाठी आहेत. कागदांची नावं महाराष्ट्रातली दिली आहेत. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी नमुना एक व चौदा धरा, केंद्राचा कायदा दोन्हीकडे एकच आहे.

## टप्पा 1: हातात आलेला कागद कोणता आहे, ते आधी ठरवा

अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. वर्तमानपत्राच्या बातमीत अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प, बफर आणि इको-सेन्सिटिव्ह झोन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात. जमिनीच्या दृष्टीने मात्र त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत. म्हणून बातमी बाजूला ठेवा, राजपत्राची प्रत मिळवा आणि तिच्यात कलम कोणतं लिहिलंय ते बघा.

कलम 18 दिसलं तर तो अभयारण्याचा इरादा आहे, 26अ दिसलं तर अंतिम अभयारण्य. कलम 35(1) म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा इरादा, 35(4) म्हणजे अंतिम उद्यान. 38 व्ही असेल तर प्रकरण व्याघ्र प्रकल्पाचं आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 चा उल्लेख असेल तर तो इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. त्यात जमीन जात नाही आणि मालकीही बदलत नाही, फक्त खाणी, कारखाने, मोठी बांधकामं अशा वापरांवर बंधनं येतात. या झोनच्या नुसत्या मसुद्याला घाबरून शेत विकणारे लोक मी पाहिलेत. त्या मसुद्यावर हरकती घ्यायला 60 दिवस असतात, तेवढंच काम होतं.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत जमीनधारकासाठी एक मोठा फरक आहे. अभयारण्यात दावा मान्य झाला की जिल्हाधिकाऱ्यांपुढे तीन वाटा असतात: ती जमीन हद्दीतून वगळणं, ती संपादन करणं, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून तो हक्क आत चालू ठेवू देणं. राष्ट्रीय उद्यानासाठी कलम 35(3) ने ही तिसरी वाट बंद केली आहे. उरतात दोनच, वगळणं किंवा संपादन. तुमचा दावा कसा लिहायचा हे या फरकावर ठरतं.

सावधान: अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान होतं तेव्हा जुन्या सवलती आपोआप पुढे येत नाहीत. चांदोली 1985 ला अभयारण्य झालं आणि 2004 ला राष्ट्रीय उद्यान. अशा ठिकाणी अभयारण्याच्या वेळी चराईची किंवा वाटेची मुभा मिळाली होती म्हणून आता काही करायला नको, हा समज महागात पडतो. उद्यानाची प्रक्रिया सुरू झाली की दावा नव्याने करायचा.

## टप्पा 2: हद्द स्वतःच्या नकाशावर उतरवा

अधिसूचनेत हद्द दोन तऱ्हांनी दिलेली असते. एक तर नदी, नाला, डोंगराची धार, रस्ता अशा खुणांनी, किंवा वनखात्याच्या कक्ष क्रमांकांच्या आणि गट नंबरांच्या यादीने. दोन्हींत चुका निघतात. यादीत गावाचं नाव बरोबर असतं आणि गट नंबर जुना असतो, कधी नाल्याचं पात्र सरकलेलं असतं.

भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या आणि अधिसूचनेतली हद्द त्यावर पेन्सिलने ओढा. यादीत जुने सर्व्हे नंबर असतील तर एकत्रीकरणाचा नऊ-तीन नऊ-चारचा उतारा काढून आजचा गट नंबर जुळवा. हे काम एकट्याने करू नका. गावातले दोन-चार जाणते आणि जंगलात रोज जाणारे एक-दोघं बरोबर घ्या, कारण नकाशावरच्या 'नाल्या'ला गावात काय म्हणतात ते त्यांनाच ठाऊक असतं.

गट अर्धा आत, अर्धा बाहेर पडत असेल तर मोजणीचा अर्ज लगेच टाका. मोजणीची 'क' प्रत हातात यायला वेळ लागतो आणि दाव्याची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. अर्जाची पावतीही दाव्याला जोडता येते. हद्दीच्या काठावरचे गट वगळून घेण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून त्यांच्या बाबतीत हा नकाशा जीव ओतून करा.

तपासा: हद्दीच्या आत एकूण किती खासगी गट, किती घरं, कोणती विहीर, कोणती बोडी किंवा तलाव, कोणतं देवस्थान, कोणती स्मशानभूमी येते, याची एक गावयादी तयार झाली का? पुढच्या प्रत्येक टप्प्यात ती लागणार आहे.

## टप्पा 3: घरचे कागद सरळ करा

कलम 20 हा या प्रक्रियेतला सर्वांत दुर्लक्षित नियम आहे. इरादा जाहीर झाला की त्या हद्दीतल्या जमिनीत नवा हक्क कुणालाही मिळवता येत नाही. अपवाद फक्त वारसाहक्काचा, मग तो मृत्युपत्राने आलेला असो वा त्याशिवाय. म्हणजे अधिसूचनेनंतर केलेल्या साठेखताने किंवा खरेदीखताने घेणाऱ्याच्या पदरात हक्क पडत नाही. दलाल हे सांगत नाहीत. ते पडत्या भावात 'सौदा' करतात आणि मोबदल्याच्या वेळी मूळ मालकाकडून सह्या मागायला येतात. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ चं बंधन त्यावर वेगळं आहेच.

वारसाला मात्र वाट मोकळी आहे आणि ती वापरायलाच हवी. आजोबांच्या नावावरचा सातबारा घेऊन तीन भावांनी तीन वेगवेगळे दावे टाकले की चौकशी अधिकारी सगळे बाजूला ठेवतो. मयत खातेदाराची वारस नोंद आधी करून घ्या. फेरफाराला वेळ लागणार असेल तर तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाची पोच, मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून सगळ्या वारसांचा एकच दावा करा. बहिणींची नावं गाळू नका. गाळली तर मोबदल्याच्या वेळी प्रकरण दिवाणी कोर्टात जातं आणि पैसे तिथेच अडकून पडतात.

खासगी जमिनीसाठी किमान सातबारा, 8-अ, संबंधित फेरफार, गटाचा नकाशा आणि घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढं हवं. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना ओळ न ओळ वाचा. तिथे बँकेचा बोजा, कुळाचं नाव, 'वर्ग 2' ची अट किंवा 'खाजगी वन' असा शेरा सापडू शकतो. बोजा असेल तर मोबदल्यातून बँक आधी आपलं वसूल करते. 'खाजगी वन' शेरा असेल तर प्रश्न वेगळाच आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 खाली ती जमीन आधीच सरकारची झाल्याचा दावा होऊ शकतो, त्यामुळे त्या नोंदीचा कागद काढून वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विहीर, बोअर, बांध, फळझाडं, सागाची झाडं, गोठा हे सातबाऱ्यावर आहेत का, ते बघा. नसतील तर पीक पाहणीत नोंद करून घ्या आणि तारखेसह फोटो ठेवा. आणि शेत पडीक टाकू नका. संपादन होऊन ताबा सरकारकडे जाईपर्यंत तुमची शेती तुमचीच आहे. क्षेत्र आधीपासून अभयारण्यात असलं तरी आत स्थावर मालमत्तेवर हक्क असणाऱ्याला कलम 27 प्रवेशाची मुभा देतं. कुणी तोंडी मनाई केली तर मनाईचा आदेश लेखी मागा. बहुतेक वेळा तो येत नाही.

## टप्पा 4: सातबाऱ्यावर नसलेले हक्क लिहून काढा

कलम 19 प्रमाणे चौकशी "जमिनीतल्या किंवा जमिनीवरच्या" हक्कांची असते, नुसत्या मालकीची नाही. पण लोक मालकीचा दावा टाकतात आणि जंगलातून जाणारी बैलगाडीची वाट, पाण्याला जायचा रस्ता, सरपण, चराई, मोहफुलं, तेंदूपान, मासेमारी हे कागदावर आणतच नाहीत. "ते तर पहिल्यापासून चालूच आहे" म्हणतात. पहिल्यापासून चालू असलेलं कागदावर आलं नाही, तर अंतिम अधिसूचनेनंतर ते गुन्ह्यात मोडतं. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला कलम 35(7) ने सरळ बंदी आहे.

हे हक्क सिद्ध करायला जुने कागद कुठे सापडतात?

विदर्भात पहिला कागद निस्तारपत्रक. महसूल संहितेच्या कलम 161 खाली हे पत्रक असतं. गुरं कुठे चरायची, सरपण आणि घरबांधणीचं लाकूड कुठून आणायचं, माती, मुरूम कुठून काढायचा, हे त्यात गावनिहाय लिहिलेलं असतं. दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज, कलम 165 खालचा. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीत नसलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर सिंचनाचे, वाटेचे, मासेमारीचे रिवाज त्यात नोंदवतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून दोन्हींची नक्कल मागा. "असा कागद नाही" असं उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात पुन्हा विचारा.

तिसरा स्रोत वनखात्याचाच. क्षेत्र आधी राखीव वन झालेलं असेल तर भारतीय वन अधिनियम, 1927 खाली तेव्हाही हक्कांची चौकशी झालेली असते आणि मान्य केलेले हक्क तिच्या निकालपत्रात असतात. एक खबरदारी घ्या. जुनी अधिसूचना शोधताना ती त्या काळच्या राज्याच्या राजपत्रात शोधावी लागते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चं आहे आणि 1955 साली चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मुंबईच्या दफ्तरात तो कागद शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

चौथा पुरावा माणसांचा. वयोवृद्धांचे जबाब लिहून, वाचून दाखवून, अंगठा किंवा सही घेऊन ठेवा. जबाबात "आम्ही पूर्वापार जातो" एवढंच लिहिलं तर त्याला वजन येत नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेने, कशासाठी, किती घरं, हे हवं.

तपासा: प्रत्येक वहिवाटीसमोर तीन गोष्टी लिहिल्या का: जागा (कक्ष क्रमांक किंवा गावात चालणारं नाव), हंगाम, आणि पुरावा?

## टप्पा 5: दावा वेळेत आणि लेखी द्या

कलम 21 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचनेपासून 60 दिवसांत, प्रादेशिक भाषेत, हद्दीतल्या आणि आसपासच्या प्रत्येक गावात उद्घोषणा प्रसिद्ध करायची असते. दावा द्यायची मुदत त्या उद्घोषणेच्या तारखेपासून दोन महिने. अधिसूचनेची तारीख आणि उद्घोषणेची तारीख वेगवेगळ्या असतात, त्यांत गल्लत करू नका. उद्घोषणा चावडीवर लागली का, कोतवालाने दवंडी दिली का, कोणत्या दिवशी, हे ग्रामसभेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढे मुदतीवरून वाद झालाच तर हे एक पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. लागलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम.

इथे 'जिल्हाधिकारी' म्हणजे जिल्ह्याचे साहेबच असतील असं नाही. उपजिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसलेला, सरकारने नेमलेला कोणताही अधिकारी हे काम करू शकतो. त्याचं पद आणि कार्यालय उद्घोषणेत असतं. दावा तिथेच द्या. वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात दिलेला अर्ज हा दावा नाही, मग त्यावर शिक्का मिळालेला असला तरी.

दावा विहित नमुन्यात हवा आणि त्यात हक्काचं स्वरूप, व्याप्ती, तपशील आणि मोबदला मागत असाल तर रक्कम हे चारही यायला हवं. लोक रकमेचा रकाना कोरा ठेवतात किंवा "नियमाप्रमाणे" लिहितात. दोन्ही टाळा. समजा तुमचा गट हद्दीच्या काठावर आहे, तर दाव्याचा गाभा असा लिहिता येईल:

"मौजे अमुक येथील गट क्र. 47, क्षेत्र 1.62 हेक्टर, माझ्या व सहहिस्सेदारांच्या मालकी वहिवाटीत आहे. सदर गट प्रस्तावित हद्दीच्या पूर्व सीमेस लागून असून तीन बाजूंनी शेतजमिनींनी वेढलेला आहे. प्रथम विनंती, सदर गट कलम 24(2) नुसार हद्दीतून वगळावा. ते मान्य न झाल्यास पर्यायी विनंती, जमीन, विहीर, 14 आंब्याची झाडे व गोठा यांचा मोबदला सोबतच्या तक्त्याप्रमाणे द्यावा. तसेच गटापर्यंत जाणाऱ्या गाडीवाटेचा हक्क नोंदवावा व ती बंद होणार असल्यास पर्यायी वाट द्यावी."

आधी वगळण्याची मागणी, मग पर्यायी मोबदला, हा क्रम पाळा. फक्त मोबदला मागितला तर वगळण्याचा विचार कुणी करत नाही. सार्वजनिक वाट किंवा गायरान बंद होत असेल तर कलम 25 मध्ये पर्यायी वाट किंवा चराईची जागा देण्याची तरतूद आहे, पण मागितल्याशिवाय तिची आठवण सहसा निघत नाही. वैयक्तिक दावे घरोघर आणि सामाईक वहिवाटीचा दावा गावाच्या वतीने, असे वेगळे गठ्ठे करा. प्रत्येक दाव्याच्या दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का.

मुदत चुकली तर? तरीही अर्ज द्या. कलम 22 प्रमाणे अधिकाऱ्याने फक्त आलेल्या दाव्यांची नव्हे, तर दावा न केलेल्या पण सरकारी दफ्तरातून आणि जाणकारांच्या साक्षीतून कळू शकणाऱ्या हक्कांचीही चौकशी करायची असते. अर्जात या तरतुदीचा उल्लेख करा आणि दफ्तरातला कागद सोबत जोडा. वेळेत दिलेल्या दाव्याइतका हा रस्ता भक्कम नाही, पण तो बंदही नाही.

## टप्पा 6: वनहक्काचा दावा वेगळा, आणि त्याच वेळी

वनजमीन कसणाऱ्यांचा आणि वनावर जगणाऱ्यांचा दावा अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006 खाली होतो. त्याचं दार वेगळं आहे. सुरुवात ग्रामसभेपासून, पुढे उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. टप्पा 5 चा दावा टाकला म्हणजे हा झाला, असं नाही. उलटही नाही. या कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं येतात. त्यामुळे "पार्कात वनहक्क नसतो" हे वाक्य कुणी ऐकवलं तर व्याख्येचं कलम 2 पुढे ठेवा.

वैयक्तिक दाव्यासाठी ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा हवा आणि क्षेत्र जास्तीत जास्त 4 हेक्टर. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. इथे एक चूक सतत होते: गाव वैयक्तिक पट्ट्यांच्या मागे लागतं आणि सामूहिक दावा राहून जातो. उद्यानाच्या बाबतीत सामूहिक हक्क आणि सामूहिक वनसंसाधनाचा दावा जास्त मोलाचा, कारण पुढे गाव हलवण्याचा प्रश्न आला की ग्रामसभेचं वजन त्यावर ठरतं. नमुना अ वैयक्तिक, ब सामूहिक, क वनसंसाधनासाठी. तिन्ही भरा.

पुरावे एकाहून जास्त लावा. मतदार यादी, घरपट्टीची पावती, बांधबंदिस्ती, जुनी विहीर, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे सगळं चालतं. उपग्रह चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असेल तर 2012 च्या सुधारित नियमांकडे बोट दाखवा. तंत्रज्ञानाचा पुरावा इतर पुराव्याला जोड म्हणून आहे, त्याच्या जागी नाही. फेटाळल्याचं कारण लेखी मागा. त्याविरुद्ध 60 दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं.

तपासा: ग्रामसभेची गणपूर्ती झाली का? निम्मे सदस्य हजर आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला. नुसत्या सह्यांची वही फिरवून केलेला ठराव पुढे टिकत नाही.

## टप्पा 7: चौकशीच्या दिवशी

नोटीस आली की तारखेला जा. चौकशी अधिकाऱ्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. तुमचा कागद एखाद्या कार्यालयात अडकला असेल तर तो मागवून घेण्याची लेखी विनंती इथेच करा.

स्थळपाहणीच्या वेळी मात्र गावाने झोपू नये. पंचनाम्यात "जमीन पडीक, झुडपे वाढलेली" असं वाक्य पडलं की मोबदलाही घसरतो आणि वहिवाटही. पाहणी उन्हाळ्यात असेल तर धानाचं शेत पडीकच दिसणार. तेव्हा बांध्या, धुरे, पाट, धसकटं दाखवा आणि "खरीप धान, हंगाम संपल्याने रिकामे" असं लिहायला सांगा. झाडं मोजताना सोबत राहा, विहिरीची खोली आणि बांधकाम लिहून घ्या. पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. पटत नसेल तर सहीच्या वर "मजकूर मान्य नाही" असं कारणासह लिहा.

## टप्पा 8: आदेश, मोबदला आणि सहीचा सापळा

दावा पूर्ण मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, असा आदेश कलम 24 खाली होतो. अमान्य झाला तर त्या कलमात अपिलाची पायरी दिलेली नाही, उच्च न्यायालयात रिट हा रस्ता उरतो. म्हणून तर आधीच्या टप्प्यांतली पोच आणि इतिवृत्तं जपायची.

मान्य होऊन संपादन ठरलं तर वन्यजीव कायद्याच्या जुन्या प्रतीत 1894 च्या भूसंपादन अधिनियमाचं नाव दिसेल. तो रद्द झालाय, त्या जागी 2013 चा कायदा धरायचा. हिशेब असा: बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठी 1 ते 2 चा गुणक, त्यात झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवायची आणि येणाऱ्या रकमेइतकंच दिलासा रक्कम म्हणून आणखी. समजा जमिनीचं बाजारमूल्य 5 लाख, गुणक 2, बाकी मालमत्ता 3 लाख. तर 10 अधिक 3 म्हणजे 13 लाख, आणि दिलासा धरून 26 लाख. बाजारमूल्यावर वार्षिक 12 टक्के वेगळे. घासाघीस खरं तर पहिल्या आकड्यावर असते. आसपासची गेल्या तीन वर्षांची खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडून काढा. त्यांतल्या जास्त किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी कायद्याला अपेक्षित आहे. अनुसूचित क्षेत्रात संपादनाआधी ग्रामसभेची संमतीही लागते.

सावधान: रक्कम घेताना "निषेध नोंदवून स्वीकारली" असं लिहिलं नाही, तर वाढीव मोबदल्यासाठी 2013 च्या कायद्याच्या कलम 64 खाली अर्ज करण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर या अर्जाची मुदत फक्त सहा आठवडे आहे. आणि 'करारनाम्याने हक्क सोडत आहे' असा कागद पुढे आला तर तो संपादनाचा निवाडा नव्हे, तुमची स्वेच्छा आहे. घरी आणा, वाचून घ्या, मग ठरवा.

वन्यजीव कायद्याच्या कलम 25अ मध्ये दोन वर्षांत शक्यतो काम संपवावं असं म्हटलंय. त्यावरून "दोन वर्षं झाली, अधिसूचना मेली" असा समज पसरतो. त्याच कलमात पुढे लिहिलंय की मुदत उलटली तरी अधिसूचना रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली राज्यांना उद्घोषणा दोन महिन्यांत आणि पुढचं सगळं वर्षभरात उरकायला सांगितलं होतं, तरी अनेक ठिकाणी प्रकरणं त्यानंतरही पडून राहिली. तेवढा काळ कलम 20 ची बंदी मात्र चालूच असते. रखडलेल्या प्रकरणात दर सहा महिन्यांनी लेखी विचारणा करत राहा.

## टप्पा 9: गाव हलवण्याची गोष्ट निघाली तर

वनहक्क कायद्याच्या कलम 4(2) मध्ये अटींची साखळी आहे आणि ती सगळीच पूर्ण व्हावी लागते. हक्कांची मान्यता पूर्ण झालेली असणं, माणसांच्या वावराने वन्यजीवांचं भरून न येणारं नुकसान होतंय हे दाखवलेलं असणं, सहजीवनाचा दुसरा वाजवी पर्याय नसणं, उपजीविका टिकेल असा पुनर्वसनाचा आराखडा, ग्रामसभेची मोकळी आणि माहितीपूर्ण लेखी संमती, आणि नव्या जागेवर जमीनवाटप व सोयी पूर्ण होईपर्यंत कुणालाही न हलवणं. शेवटच्या अटीवर सर्वांत आधी बोला. नवी जागा गावातल्या बायकांना दाखवा, पाणी उन्हाळ्यात बघा, जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते तपासा. चांदोलीच्या लोकांची पुनर्वसनाची आंदोलनं उद्यान जाहीर झाल्यावरही वर्षानुवर्षं चालली.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या स्वेच्छा पुनर्वसनाचं प्रति कुटुंब पॅकेज 2021 मध्ये 10 लाखांवरून 15 लाख झालं. हा आकडा फक्त व्याघ्र प्रकल्पाचा. दुसऱ्या उद्यानात तो गृहीत धरू नका. तिथे 'कुटुंब' मोजताना 18 वर्षांवरचा मुलगा, अविवाहित सज्ञान मुलगी, विधवा, घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती वेगळं कुटुंब धरली जाते. ठरलेल्या तारखेला वयाचा पुरावा नसल्याने अख्खी घरं यादीतून गळतात, त्यामुळे शाळेचे दाखले आणि आधारवरच्या जन्मतारखा आधीच जुळवून घ्या.

## टप्पा 10: अंतिम अधिसूचनेआधी

प्रस्ताव मंत्रालयात जाण्यापूर्वी एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्रत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे द्या. त्यात गावातले प्रलंबित दावे क्रमांकासह, मोबदला न मिळालेले खातेदार, वनहक्क समित्यांकडे अडकलेली प्रकरणं, आणि वगळलेल्या गटांची यादी. अर्जात एवढंच विचारा: कलम 35(4) च्या दोन्ही अटी, म्हणजे सगळ्या दाव्यांचा निकाल आणि सगळे हक्क सरकारकडे येणं, या गावापुरत्या पूर्ण झाल्या आहेत का?

वगळलेला गट अंतिम नकाशाबाहेर दिसतोय का, ते राजपत्राच्या परिशिष्टात बघा, कारण आदेशात वगळलेला गट टंकलेखनाच्या चुकीने यादीत परत आला की मोठी पंचाईत होते. राष्ट्रीय उद्यानाची हद्द एकदा अंतिम झाली की ती बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. त्यामुळे ही दुरुस्ती त्याआधीच, तालुक्याच्या पातळीवर, लेखी करून घ्या आणि दुरुस्त यादीची साक्षांकित प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.